स्लो न पकडणारं मशीन

गणपती गेले की खाडीचा रंग बदलतो. चार महिने तांबडं, गढूळ असलेलं पाणी हळूहळू निवळतं. तिवरांच्या पानांवर मिठाची बारीक पूड बसते. दुपारचं ऊन असं चढतं की पाऊस कधी पडलाच नव्हता, आणि चार वाजले की कुठूनसा ढग येतो, एक सर टाकतो आणि निघून जातो. मी आता मीरा रोडला सहाव्या मजल्यावर राहतो. या दिवसांत वारा फिरला की आमच्या गॅलरीत खाडीच्या चिखलाचा वास येतो. बायको खिडकी लावून घेते, मी उघडतो. सुरुवातीला यावरून वाद व्हायचे, मग तिने नाद सोडला. तिला वाटतं, जुने दिवस आठवून मला बरं वाटतं.

बरं वाटत नाही. पण खिडकी लावावी असंही वाटत नाही.

नव्वदच्या आसपासचं ते वर्ष. आम्ही भाईंदरचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे. थोडी भातशेती होती, मिठागरात वाटा होता. शेतावर इमारती उभ्या राहायला लागल्या तेव्हा माझ्या वडिलांनी, म्हणजे बाने, एक होडी घेतली आणि तिला मागे लावायचं जुनं मशीन घेतलं. पेट्रोलवर सुरू करायचं, गरम झालं की रॉकेलवर टाकायचं. धक्क्यावरून पलीकडच्या बेटावर माणसं न्यायची-आणायची. भाजीच्या पाट्या, शाळेच्या बाई, गणपतीत मूर्तीसुद्धा. मी तेवीस वर्षांचा होतो. होडी मी चालवायचो, पण होडी होती बाची. नारळी पौर्णिमेला तो तिची पूजा करायचा आणि तिच्या नाकाला असा हात लावायचा, जसा त्याने आमच्यापैकी कुणाच्या गालाला कधी लावला नाही.

त्या वर्षी मशीनने स्लो पकडणं सोडलं. भर खाडीत जोरात चालायचं, गुळासारखा गोड आवाज यायचा. धक्का जवळ आला, वेग कमी केला की दोन गचके देऊन बंद. भरती असली तर एकवेळ चालून जायचं. ओहोटीत मात्र पाणी रेल्वेच्या जुन्या पुलाकडे असं ओढ घेतं की वल्ह्याने काही होत नाही. मशीन बंद पडलेली होडी म्हणजे पाण्यातलं लाकूड.

एका सकाळी तेच झालं. धक्का हातभर राहिला असताना मशीन बंद पडलं. मी दोरी ओढतोय, ओढतोय, आणि होडी आडवी होऊन पुलाकडे निघाली. खांबावर आपटली तेव्हा हिरा काकीने, आमच्या रोजच्या भाजीवालीने, आधारासाठी हात बाहेर टाकला. होडी आणि खांब यांच्यामध्ये तिचं मनगट सापडलं. हाड मोडल्याचा आवाज मी मशीनच्या आवाजाइतकाच स्पष्ट ऐकला. काकी ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "जना, माझी पाटी गेली रं."

गावातल्या दोन मेकॅनिकनी हात टेकले होते. मग कुणीतरी सांगितलं, भाईंदर पूर्वेला पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या दुकानात उत्तम नावाचा माणूस आहे, नुसत्या आवाजावरून खोट सांगतो. मी गेलो. तिशीचा, सडपातळ, डोक्याला रुमाल. परभणीकडचा. गावाकडे विहिरींवर रॉकेलची इंजिनं असतात, ती त्याने लहानपणापासून खोललेली. मी सांगितलं तसं त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि मन लावून ऐकलं.

"रेस केल्यावर बरं चालतंय? आन्‌ स्लोवर आणलं की बंद पडायलंय?"

"हो."

"बंद पडायच्या आधी आवाज चढतो, का उतरतो?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी कधी ऐकलंही नव्हतं. "बघतो," म्हणालो.

"राहू द्या. रविवारी सुट्टी हाये माझी. येतो मीच."

तो आला. पिशवीत पाने, पॉलिश पेपर, तेलाची कुपी. धक्क्याच्या पायऱ्या उतरत तो होडीकडे येत होता, तेव्हा बा होडीतच बसला होता.

"कंचा गाव तुझा?" बाने विचारलं.

उत्तमने गाव सांगितलं.

"आरनाव?"

उत्तमने आडनाव सांगितलं. जराही न अडखळता, सरळ बाच्या डोळ्यांत बघत. अशा प्रश्नाचा दुसरा भाग काय असतो ते त्याला पाठ असणार. तो बौद्ध आहे हे बाला कळलं, आणि बाला कळलंय हे आम्हा सगळ्यांना कळलं.

"तिथशीच सांग जनाला," बा म्हणाला. "होरीची पूजा झालेली हाय. पाय न्हाय लावाचा."

उत्तम तिसऱ्या पायरीवर उभा होता. तो परत फिरेल असं मला वाटलं. परत फिरावं असंही वाटलं, म्हणजे मला काही बोलावं लागलं नसतं. त्याने थोडा वेळ मशीनकडे बघितलं. मग पायरीवर बसला, पिशवी उघडली आणि एक पाना माझ्याकडे टाकला. मी झेलला.

"प्लग खोला, भाऊ," तो म्हणाला.

अशी ती दुरुस्ती सुरू झाली. तो आठ-दहा हातांवर, मी मशीनपाशी. प्लग काळा आणि ओला होता, त्याने पुसायला लावला. टाकीतलं रॉकेल काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरायला लावलं, तळाला पाण्याचा थर दिसला, ते ओतून दिलं. कार्बोरेटर सोडवायला लावला. "त्याच्यात एक बारीक भोक असतंय बघा, स्लोचं. सुई घालू नका, भोक मोठं होईल. वायरीतली तांब्याची एक तार घ्या." मी तार घातली. पलीकडून काळसर लोणी निघावं तसा गाळ निघाला. मशीन जोडलं, सुरू केलं, स्लोवर आणलं. चाललं. एक मिनिट, दोन मिनिटं. धक्क्यावर बसलेले लोक बघत होते. उत्तम मात्र मान तिरकी करून डोळे मिटून बसला होता.

"अजून न्हाई," तो म्हणाला. "श्वास घेताना अडखळायलंय."

बा हसला. मंगळवारी मशीन पुन्हा बंद पडलं.

मी हे लिहितोय ते बाला वाईट ठरवण्यासाठी नाही. बा जसा होता तसा सगळ्यांसमोर होता. त्याचा क्रूरपणा उघडा होता, उन्हात वाळत घातलेल्या जाळ्यासारखा. चुकवायचा असेल तर चुकवता येत होता. लपवलेला होता तो माझा, आणि तो मला स्वतःलाही त्या दिवसांत दिसला नाही.

दुसरा रविवार. ओहोटी होती, धक्क्याखाली चिखल उघडा पडला होता. त्या चिखलात माणूस मांडीपर्यंत जातो. उत्तमने मला मशीन पाण्यात टाकून चालू ठेवायला सांगितलं आणि कार्बोरेटर मशीनला जिथे जोडतो त्या कडेने तेलाचे थेंब सोडायला सांगितले. "सावकाश. एका जागी दोन थेंब, मग पुढं सरका." मी सोडत गेलो. खालच्या कोपऱ्यावर थेंब पडला आणि मशीनचा आवाज एकदम भरल्यासारखा झाला. उत्तम उभाच राहिला.

"सापडलं! तिथं हवा ओढायलंय. पॅकिंग गेलंय. रेसमध्ये कळत न्हाई, स्लोला तेवढी हवा पुरे होती त्याला मारायला."

त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मीही हसलो. तेवढ्यात बाने होडीतला पाना उचलला. उत्तमचा होता तो, चांगल्या पोलादाचा, मुठीत धरून धरून काळा झालेला. बाने तो त्याच्याकडे फेकला. द्यायचा म्हणून फेकला की मुद्दाम आखूड फेकला, कोण सांगणार. पाना पायरीवर आपटला आणि उडून चिखलात गेला.

उत्तमने पँट वर केली आणि उतरला. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि मांडीपर्यंत आत. हात कोपरापर्यंत घालून तो चाचपडत होता. धक्क्यावर कुणीतरी म्हणालं, "अरे, निवट्या पकडतोय काय?" निवटी म्हणजे आमच्याकडची चिखलातली उड्या मारणारी मासळी. लोक हसले. बा हसला.

मीही हसलो. कुणी मला हसायला सांगितलं नव्हतं. उत्तमने मान वर केली तेव्हा त्याने बाच्याकडे बघितलं नाही, हसणाऱ्यांकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं, क्षणभरच, आणि पुन्हा चिखलात हात घातला. पाना सापडल्यावर त्याने तो खाडीच्या पाण्यात धुतला, रुमालाने पुसला आणि मला म्हणाला, "कार्बोरेटरच्या तोंडाला तेल लावून या कागदावर दाबा. माप घेऊ."

त्याने दुकानातून पॅकिंगचा जाड कागद आणला होता. मी तोंडाला तेल लावून कागदावर ठसा उमटवला आणि कागद त्याच्याकडे दिला. तो घरी घेऊन गेला.

तिसऱ्या रविवारी पॅकिंग कापून आणलं, इतकं स्वच्छ की कारखान्यातून आल्यासारखं. येताना खिडकीच्या काचेचा एक तुकडाही आणला होता. काचेवर पॉलिश पेपर ठेवून कार्बोरेटरचं तोंड आठाच्या आकड्यात घासायला लावलं. "जोर देऊ नका. हात हलका. घाई करणाऱ्याचं तोंड वाकडं राहतंय." मी अर्धा तास घासलं. जोडलं. शेवटी हवेचा स्क्रू. "पुरा बंद करा, आवळू नका. आता दीड फेरा उघडा. थांबा. जरासा मागं. केसभर. बस."

मशीन स्लोवर चालू लागलं. मी असा आवाज आधी ऐकला नव्हता. समईच्या ज्योतीला आवाज असता तर असाच असता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी गिअर टाकला, काढला, टाकला, काढला. बंद पडेना. हिरा काकी प्लास्टरमधला हात सांभाळत धक्क्यावर आली होती, तिने डोळ्यांना पदर लावला.

"काय केलास रं जना!" कुणीतरी ओरडलं.

"माझे पोराचा हात हाय यो," बा म्हणाला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. त्या थापेचा भार मला अजून आठवतो. मी पायऱ्यांकडे बघायला हवं होतं. मी बाच्याकडे बघत राहिलो.

माणसं पांगल्यावर मी उत्तमची पिशवी भरून दिली. तो म्हणाला, "भाऊ, एक मागू का?"

"माग की."

"मी कधी बोटीत बसलो न्हाई. आमच्या गावाला नदी हाये, पर तिला पाणी कुठं असतंय. पोरगी माझी सहा वर्षांची हाये. तिला घरी सांगितलं, मी बोटीचं इंजिन करायलोय. तव्हापासनं मागं लागलीय. एकदा पलीकडं नेऊन आणा आमाला."

"ये ना," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी ये. सगळ्यांना घेऊन ये. बा नसणारे, चेणे गावात साखरपुड्याला जाणारे."

हे मी म्हणालो. स्वतःहून म्हणालो. त्यावेळी मनापासून म्हणालो असं मला आजही वाटतं, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

त्या आठवड्यात खबर पसरली. पलीकडच्या बेटावरून दोघेजण मला बघायला आले. त्यांची मशीनं बिघडली होती. मला ते "मेकॅनिक" म्हणाले. मी काय काय केलं ते विचारलं, मी सांगितलं. तेलाचे थेंब, काचेवर घासणं, दीड फेरा. शब्द उत्तमचेच होते, "केसभर" हासुद्धा. सांगता सांगता मला त्यात काही खोटं वाटेनासं झालं. हात माझेच होते ना.

रविवारी दहाच्या सुमाराला होडी भरली. ऊन लख्ख होतं, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. बेटावरचे ते दोघे पुढे बसले होते, आजूबाजूच्यांना सांगत होते, "हाच आमची मशीनं करणार हाय." मशीन स्लोवर चालू होतं. शेवटची दोन-तीन माणसं यायची होती, त्यांच्यासाठी मी थांबलो होतो.

आणि उत्तम वरच्या पायरीवर दिसला. इस्त्रीचा पांढरा शर्ट. मागे बायको, जरीकाठाची निळी साडी, हातात डब्याची पिशवी. मुलीला पिवळा फ्रॉक, डोक्याला दोन रिबिनी. ती बोट दाखवून काहीतरी विचारत होती आणि उत्तम वाकून तिला मशीन दाखवत होता. मी त्याचे ओठ हलताना बघितले. तो काय सांगत असेल ते मला कळत होतं.

होडीत जागा होती. चार माणसांची होती. बा नव्हता. कुणी काही म्हणालं नव्हतं. आज कारण शोधायला गेलो तर तीन-चार सापडतात. बाला नंतर कळलं असतं. लोकांनी नाकं मुरडली असती. पुढे बसलेल्या त्या दोघांना उत्तमने हसत हसत सगळं सांगितलं असतं. यातलं एकही कारण पुरत नाही, सगळी मिळूनही पुरत नाहीत.

ते खाली येऊ लागले. उत्तमने हात वर केला. मुलीनेही केला.

मी गिअर टाकला आणि वेग दिला.

मशीनने एक गचकाही दिला नाही. इतकं सुरेख चाललं ते. मी मागे बघितलं नाही. होडीतल्या एका बाईने बघितलं आणि म्हणाली, "ते लोक राहिले वाटतं." मी म्हणालो, "पुढच्या फेरीला येतील." अर्ध्या तासाने परत आलो तेव्हा धक्का रिकामा होता.

मी त्या दुकानात पुन्हा गेलो नाही. उत्तम धक्क्यावर पुन्हा आला नाही. पुढची सहा-सात वर्षं खाडीच्या दोन्ही बाजूंची मशीनं मी दुरुस्त केली आणि चांगली केली. बा शेवटच्या आजारपणातही येणाऱ्या-जाणाऱ्यापाशी माझी तारीफ करायचा. मग होडी विकली, राहिलेली जमीन गेली आणि आम्ही मीरा रोडला राहायला आलो.

त्या शतकाच्या शेवटी शेवटी असेच हे दिवस होते, गणपती नुकतेच गेलेले. आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप बंद पडला. मी सेक्रेटरी होतो. वॉचमनने मेकॅनिक बोलावला आणि मी पंपाच्या खोलीची किल्ली घेऊन खाली गेलो. दारात उत्तम उभा होता. केस पिकले होते, चष्मा लागला होता. त्याने मला ओळखलं. "जनाभाऊ," एवढंच म्हणाला आणि आत जाऊन कामाला लागला.

मी दारात उभा राहिलो. त्याने पंपाला कान लावला, पाना फिरवला, पुन्हा कान लावला. बरीच मिनिटं गेली. शेवटी मी म्हणालो, "उत्तम, त्या दिवशी..."

"हाव," तो म्हणाला. "आम्ही आलो होतो."

"मी बघितलं होतं तुम्हाला."

"माहीत हाये मला."

तो स्क्रू आवळत होता. मी विचारलं, "मुलगी कशी आहे?"

"पंधरा वर्षांची झाली. दहावीला हाये. हुशार हाये." मग माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, "ती लई रडली त्या दिवशी. सारखी विचारायली, बाबा, ते आपल्याला न घेता काऊन गेले? आता सहा वर्षांच्या लेकराला काय सांगता? मी म्हणलं, बेटा, त्या मशीनला थांबताच येत न्हाई. थांबलं की बंद पडतंय. माझ्याकडून ते नीट झालंच न्हाई."

खोलीत ओल्या सिमेंटचा वास होता.

"अजून चिडवती मला," तो म्हणाला. "घरात मिक्सर बिघडला की म्हणती, बाबाला नका देऊ, बोटीसारखं करून ठेवतील."

"मी येतो घरी," मी म्हणालो. "मी तिला सांगतो खरं काय ते. मशीन तू केलं होतंस. उत्तम केलं होतंस."

आता त्याने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. चिखलातून बघितलं होतं तसंही ते बघणं नव्हतं. समोरच्याला साधी गोष्ट कळत नाही म्हटल्यावर माणूस जसा बघतो, तसा तो बघत होता.

"मग ती विचारंल, थांबता येत होतं तर ते थांबले का न्हाईत," तो म्हणाला. "तिला मेकॅनिक बाप कच्चा वाटला तर वाटू द्या, भाऊ. ते मला परवडतंय."

त्याने बटण दाबलं. पंप चालू झाला, पाणी वर चढू लागलं. तो हात पुसत बाहेर उन्हात गेला आणि मी तिथेच उभा राहिलो. वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडून सांगितलं, "सेक्रेटरी साहेब, पाणी आलं हो! थँक यू!"